टेबलापलीकडची कल्याणी

अध्यक्ष महाशय, आणि एवढ्या उकाड्यात जिना चढून आलेल्या मंडळींनो,

फलकावर विषय लिहिलाय ‘उडान: जुन्या पोलीस मालिकेचे पुनर्दर्शन’. हे ‘पुनर्दर्शन’ माझं नाही, चिटणीसांचं. मी फोनवर फक्त ‘कॅसेट सापडली, त्यावर बोलते’ एवढंच म्हटलं होतं. माझा एक सिद्धांत आहे, तो गेली दोन वर्षं मी नवऱ्याला ऐकवतेय. त्याच्याच आग्रहावरून आज तुम्हाला ऐकवायला आले आहे.

सिद्धांताआधी कॅसेट. दोन मिनिटांत आटोपते.

फेब्रुवारी २०२४मध्ये ‘उडान’ची नायिका कविता चौधरी गेल्याची बातमी वाचली. फोटो पाहून आमचा मुलगा विचारतो, ‘या कोण?’ मी म्हटलं, ‘ललिताजी.’ त्याला ललिताजीही माहीत नाही! आता सांगा, सर्फच्या जाहिरातीतली ती निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेली बाई, भाजी घासाघीस करून घेणारी पण साबणाची पावडर मात्र महागडी घेणारी, ती ज्याला माहीत नाही त्याला ‘उडान’ कुठून सांगायला सुरुवात करायची? १९८९मध्ये आमच्या शेजारच्या काकूंची तर पक्की समजूत होती की ललिताजीच पुढे शिकून पोलिसात लागली. आणि काकू म्हणायच्या, ‘लागणारच. दुकानदाराला उभा आडवा घेते, चोराला काय सोडतेय!’

तर मी शिडी लावून पोटमाळ्यावर चढले. माझा धाकटा काका मस्कतला होता, त्याने आम्हाला व्हीसीआर आणून दिला होता. डोंबिवलीत आमच्या इमारतीत पहिला. त्यामुळे तो आमचा कमी आणि इमारतीचा जास्त होता. ‘उडान’ लागायची तेव्हा मी नववीत होते आणि क्लास नेमका त्याच वेळी. म्हणून मी भावाला लाच देऊन रेकॉर्डिंग करायला लावायचे. लाच म्हणजे भूगोलाचे नकाशे काढून देणे.

कॅसेट सापडली. खिडकीतून आत पाहिलं तर पट्टीच्या कडेला पांढरी बुरशी, शिळ्या पोळीवर येते तशी. तशीच लावली तर टेप जाते आणि मशीनचं हेडही भरतं. कल्याणमध्ये एक गृहस्थ अजून हे काम करतात. शेवटचे व्हीसीआर एका जपानी कंपनीने २०१६मध्ये बनवले, म्हणजे यांच्याकडे जे आहे ते एकातलं काढून दुसऱ्यात घालून चालवलेलं. त्यांनी मला समजावलं: आपल्या टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीत मशीनच्या आतलं ड्रम मिनिटाला १,५०० वेळा फिरतं आणि अर्ध्या इंचाच्या पट्टीवर तिरक्या रेघा वाचत जातं. एका रेघेवर बुरशी असली की पडद्यावर मुंग्या. पट्टी हाताने पुसायला त्यांनी तीन आठवडे घेतले आणि पैसे इतके घेतले की नवरा म्हणाला, यात दोघं अमृतसरला जाऊन आलो असतो.

घरी लावली. चित्र वरून खाली सरकतंय, मग स्थिर झालं. विक्रम गोखले, म्हणजे मालिकेची नायिका कल्याणी, तिचे वडील. ते थांबणं! वाक्य संपल्यावर माणूस किती वेळ गप्प राहू शकतो हे गोखल्यांकडून शिकावं. एका अशा थांबण्यात मला वाटलं टेप अडकली, म्हणून मी उठून मशीनला चापट मारली. टेप ठीक होती. मग कल्याणी. मेकअप नाहीच म्हणा, आवाज सरळ. मी पुढे सरकून बसले आणि खर्र असा आवाज होऊन पडद्यावर राजसभा!

महाभारत. द्यूताचा प्रसंग.

आता, कॅसेटच्या मागच्या कडेला एक छोटी प्लॅस्टिकची पट्टी असायची, आठवतंय? ती तोडली की त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. मी ती तोडली होती, भावाच्या देखत. ३५ वर्षांनी कॅसेट उलटी करून पाहते तर त्या भोकावर सेलोटेप. पिवळा पडलेला, पण व्यवस्थित, कोपरे दाबून चिकटवलेला. भावाला फोन केला. त्याने पहिल्या दमात कबूल केलं, कारण त्याला वाटलं मी दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीबद्दल विचारतेय. (ती कोणती, ते अजून कळलेलं नाही.) आजी त्या रविवारी नात्यातल्या बारशाला जाणार होती आणि महाभारत चुकवणार नव्हती. रिकामी कॅसेट घरात नव्हती. आजी त्याला म्हणाली होती, ‘ती पोरगी आज नाही उद्या पोलीस होईलच, द्रौपदी काय पुन्हा पुन्हा येणारे?’

मला राग आला होता. पण मी बंद केलं नाही, पाहत राहिले. भर सभेत एक बाई उभी. आजूबाजूला सगळे बसलेले. ती कायद्याचा प्रश्न विचारते: आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार होता का? आणि बसलेल्यांपैकी एक म्हणतो धर्म सूक्ष्म आहे, उरलेले खाली पाहतात. तिची तक्रार कुणी लिहून घेत नाही! मंडळी, माझा अख्खा सिद्धांत इथे आहे आणि तो आजीने सेलोटेप लावून आधीच रेकॉर्ड करून ठेवला होता.

चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे.’ बरं.

सिद्धांत असा. पोलीस मालिकेत गुन्हा कोणता, हे बघू नका. टेबल कुठे आहे आणि त्याच्या कुठल्या बाजूला कोण आहे, हे बघा. टेबल म्हणजे पोलीस ठाण्यात तक्रार घेणाऱ्या अंमलदाराचं टेबल. काचेखाली देवाचा फोटो, स्टेशन डायरी, दोऱ्याने बांधलेलं पेन. आपण अलीकडे उभे. ‘साहेब राउंडला गेलेत.’ ‘आमच्या हद्दीत येत नाही.’ ‘अर्ज देऊन जा.’ लोकलमध्ये माझी पर्स ब्लेडने कापली, तेव्हा मला सांगण्यात आलं, चोरी नका लिहू, ‘गहाळ’ लिहा, दाखला लगेच मिळेल. मी म्हटलं, अहो, ही फाटलेली पर्स बघा, ही काय आपणहून गहाळ झाली? तर म्हणे, ताई, तुम्हाला दाखला पाहिजे की चोर? मी दाखला घेऊन आले. आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. चौकीचा त्यात उल्लेखसुद्धा नाही, इतकं ते गृहीत आहे.

‘उडान’ ही मला माहीत असलेली एकच मालिका, जी टेबलाच्या अलीकडून सुरू होते. कविता चौधरींनीच लिहिली, त्यांनीच दिग्दर्शित केली, कल्याणी सिंगही त्याच. गोष्ट घरचीच होती. मोठी बहीण कांचन चौधरी. मालमत्तेच्या भांडणात वडिलांना मारहाण झाली, पोलीस तक्रार घ्यायला तयार नव्हते. ते पाहून मुलीने ठरवलं की आपणच त्या खुर्चीवर बसायचं. १९७३च्या तुकडीतून आयपीएस, किरण बेदींनंतरची दुसरी महिला अधिकारी. २००४मध्ये त्या उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या पहिल्या महिला महासंचालक. २०१९मध्ये मुंबईत वारल्या. लक्षात घ्या, त्यांना सूड घ्यायचा नव्हता. टेबलाला वळसा घालून पलीकडे जायचं होतं, आणि तेही परीक्षा देऊन! हिंदी सिनेमात त्याच परिस्थितीत मुलगा बंदूक घेतो.

याच्या शेजारी ‘सीआयडी’ ठेवा. मला आवडते, शिवाजी साटमांबद्दल मी वाकडा शब्द ऐकून घेणार नाही. १९९८मध्ये सुरू झाली. तिचे निर्माते बी. पी. सिंग आधी मुंबई दूरदर्शनला कॅमेरामन होते, आणि याच जोडीची मराठीतली ‘एक शून्य शून्य’ आपण त्याआधी पाहिली होती. पण बघा, मराठी मालिकेचं नाव म्हणजे पोलिसांना बोलवायला आपण फिरवायचा नंबर. म्हणजे हाक आपल्या बाजूची. ‘सीआयडी’त तक्रार करायला कुणी येतच नाही. प्रेत सापडतं, पथक पोचतं. तिथे टेबलाची जागा दाराने घेतली. दया दार तोडतो, प्रेक्षक खूश. कारण त्या दाराच्या कुठल्याच बाजूला प्रेक्षक नसतो.

पाच मिनिटं? ठीक आहे, मग कायदा पळतच सांगते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५४: दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती तोंडी दिली तर लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. ‘उडान’ लागत होती तेव्हाही हा कायदा होताच. तरी एका अपहृत मुलीच्या बापाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि २०१३मध्ये घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलं की अशा गुन्ह्याची नोंद घेणं बंधनकारक आहे. १ जुलै २०२४पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, कलम १७३. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, नोंद घ्यायचीच, म्हणजे हद्दीची सबब कागदावर तरी संपली. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. पण त्याच कलमात असंही आहे की तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. म्हणजे टेबल तेच, त्याला एक खण बसवलाय. या खणावर मालिका कोण काढणार, हे मला सांगा. गोळीबार नाही, पाठलाग नाही, एक बाई रोज येऊन विचारतेय, ‘झाले का चौदा दिवस?’

अजून गोखल्यांनी रंगवलेल्या वडिलांवर बोलायचं होतं, आणि शेखर कपूर ‘उडान’मध्ये जिल्हाधिकारी आहेत त्यावरही, कारण तिथे टेबलामागे आणखी एक टेबल येतं. राहू दे. चिटणीस उभे राहिलेत.

एकच विनंती. माझ्या कॅसेटवर महाभारत संपतं आणि ‘उडान’ परत येते तेव्हा कल्याणी आधीच गणवेशात आहे. ती टेबलाच्या अलीकडून पलीकडे नेमकी कशी गेली, तेवढंच आजीने पुसलं. या सभागृहात कुणाच्या माळ्यावर तेवढा तुकडा असेल तर मला भेटा. बुरशी असली तरी चालेल, कल्याणच्या गृहस्थांचा नंबर आहे माझ्याकडे.