न्यायमूर्तींचंच चुकलं, तर?

नमस्कार श्रोतेहो. मुंबईच्या ओव्हल मैदानासमोरचं हायकोर्ट आपण येता-जाता पाहतो. सरकारचं चुकलं की दाद मागायला लोक तिथे जातात. पण तिथल्या न्यायमूर्तींचंच चुकलं, तर?

साठच्या दशकात तिथे 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे संपादक करंजिया यांच्यावर अब्रूनुकसानीचा दावा चालला होता. एक साक्षीदार म्हणाला, माझी साक्ष छापून आली तर धंद्याला फटका बसेल. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती छापू नका, असं सांगितलं. तोंडी, बरं का! पुढे नागरी हक्कांच्या चळवळीचे अध्वर्यू झालेले तारकुंडे ते हेच. पत्रकार नरेश मिरजकर यांनी या आदेशाविरुद्ध आधी हायकोर्टातच दाद मागितली, तिथे ती फेटाळली गेल्यावर सर्वोच्च न्यायालय गाठलं. ते त्या दाव्यात पक्षकारही नव्हते. १९६६ साली नऊ न्यायमूर्तींचं पीठ बसलं, सरन्यायाधीश होते आपले गजेंद्रगडकर. बहुमत म्हणालं, न्यायालयाच्या आदेशानं मूलभूत हक्कांचा भंग होत नाही. आदेश चुकीचा वाटला तर अपील करा. न्यायमूर्ती हिदायतुल्लांना हे पटलं नाही. मलाही पटत नाही.

असो, निकाल चुकला तर निदान अपील तरी आहे. वागणूकच चुकली तर? मग संसदेत पदावरून हटवण्याचा प्रस्ताव. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० खासदारांच्या सह्या, तिघांची चौकशी समिती, पुढे दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत, म्हणजे एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश. १९९३ मध्ये समितीनं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रामस्वामी यांच्यावरचे अनेक आरोप सिद्ध धरले. मतदानाला काँग्रेसचे खासदार तटस्थ राहिले आणि प्रस्ताव पडला.

दोनच वर्षांनी मुंबईच्या वकिलांनी मुख्य न्यायमूर्ती भट्टाचार्जी यांच्याविरुद्ध आघाडी उघडली. त्यांनी राजीनामा दिला. सर्वोच्च न्यायालयानं मात्र वकिलांचे कान टोचले: ठराव करून दबाव आणू नका, मुख्य न्यायमूर्तींविरुद्धची तक्रार सरन्यायाधीशांकडे न्या. त्यातूनच न्यायमूर्तींची चौकशी न्यायमूर्तींनीच करायची अंतर्गत पद्धत आली, १९९९ मध्ये ती स्वीकारली गेली. या चौकशीचा अहवाल लोकांपुढे ठेवण्याचं बंधन नाही.

म्हणून दोरी सरकारच्या हाती द्या, असं मी म्हणणार नाही. कोर्टातला सगळ्यात मोठा पक्षकार सरकारच आहे. पण तक्रार खरी निघाली की खोटी, एवढं तरी जाहीर व्हावं. खोटी निघाली, तर त्यात न्यायमूर्तींचाच फायदा आहे.