ओव्हरक्लॉक्ड ग्राफिक्स कार्ड: खोक्यावरचा आकडा आणि आपल्या खोलीतला उन्हाळा

नमस्कार श्रोतेहो.

गेमिंगसाठी कॉम्प्युटर जुळवायला निघालं की दुकानदार समोर दोन खोकी ठेवतो. दोन्हींवर चिपचं नाव तेच, पण एकावर ‘ओसी’ ही दोन अक्षरं जास्त आणि किंमतही चांगलीच जास्त. ओसी म्हणजे कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक करून, म्हणजे चिपचा वेग ठरलेल्यापेक्षा थोडा वाढवून आलेलं कार्ड. ही वरची रक्कम नेमकी कशासाठी मोजायची, त्याबद्दल आज बोलतो.

उदाहरण एनव्हिडिया या चिप काढणाऱ्या कंपनीच्या आरटीएक्स ४०९० चं घेऊ. ऑक्टोबर २०२२ मध्ये हे कार्ड अमेरिकेत १,५९९ डॉलरला आलं. त्याच चिपवर असूसने आरओजी स्ट्रिक्स ओसी हे कार्ड काढलं, ते १,९९९ डॉलरला. म्हणजे सरळ पाव पट महाग. आता क्लॉक, म्हणजे चिपचा वेग बघा. एनव्हिडियाच्या स्वतःच्या कार्डाचा जाहीर बूस्ट क्लॉक २,५२० मेगाहर्ट्झ, स्ट्रिक्सचा २,६१०. फरक ९० मेगाहर्ट्झचा, जेमतेम साडेतीन टक्के.

बरं, हे साडेतीन टक्केही खेळताना पुरते पदरात पडत नाहीत. चिप गार असली आणि वीज पुरेशी मिळाली, की कार्ड जाहीर आकड्याच्या वर आपणहून जातं. साधं ४०९० सुद्धा गेममध्ये २,७०० मेगाहर्ट्झच्या आसपास पळतं, त्यामुळे दोघांतलं अंतर आणखी कमी होतं. समजा एखादा गेम फोर-के या बारीक रिझोल्यूशनमध्ये सेकंदाला १०० फ्रेम्स, म्हणजे चित्रं देत होता, तो १०३ देऊ लागला. एका फ्रेमचा वेळ १० मिलिसेकंदांवरून ९.७ वर आला. कितीही मुरलेला खेळाडू असो, हा फरक त्याच्या डोळ्यांना कळणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. महागडं ओसी कार्ड घ्यायचंच असेल तर त्याच्या कूलरसाठी, म्हणजे चिप गार ठेवणाऱ्या कार्डावरच्या पंख्यांसाठी आणि धातूच्या पत्र्यांसाठी घ्या, आणि पारख करायची तीही कूलरचीच करा.

त्याचं कारण चिपच्या गणितात आहे. चिप खाते ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. शेवटचे शे-दीडशे मेगाहर्ट्झ गाठायला व्होल्टेज चढवावं लागतं आणि तिथे विजेचा खर्च एकदम फुगतो. उलट दिशेने करून बघा: ४०९० ची ४५० वॅटची मर्यादा ७० टक्क्यांवर, म्हणजे ३१५ वॅटवर आणली, तर बहुतेक गेममध्ये वेग पाचेक टक्क्यांनीच घटतो. मोठा कूलर आणि कमी केलेली वीज, या जोडीने कार्ड इतकं शांत चालतं की पंखे फिरताहेत की नाही हे वाकून बघावं लागतं. स्ट्रिक्ससारख्या कार्डावर एक छोटा बायोस स्विच, म्हणजे कार्डाची आतली सेटिंग बदलणारं बटण असतं, एक बाजू परफॉर्मन्सची, दुसरी क्वाएटची, म्हणजे शांत चालण्याची. तो क्वाएटवर ठेवून फ्रेम्स मोजा. जवळपास तेवढ्याच येतात.

आता चाचणी कशी करायची? गेम सुरू केल्यावर पहिल्या पाच मिनिटांतले आकडे बाजूला ठेवा, कारण तेव्हा कार्डावरचा सगळा धातू अजून गारच असतो. एखादा जड गेम फोर-केमध्ये अर्धा-पाऊण तास चालू द्या, कॅबिनेट बंद ठेवून. कार्डाचा वापर ९९ टक्क्यांच्या आसपास आहे ना, ते बघा. तो ६०-७० वर अडकला असेल तर बहुधा कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसरच मागे पडतोय आणि ओव्हरक्लॉकचा काही उपयोग नाही. मग तीन गोष्टी टिपा: टिकून राहिलेला क्लॉक, हॉटस्पॉटचं, म्हणजे चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचं तापमान आणि पंख्यांचा आवाज. सरासरी फ्रेम्सबरोबर सर्वांत हळू एक टक्का फ्रेम्सचा आकडाही घ्या. खेळताना जो झटका जाणवतो तो तिथे दिसतो.

यात आपल्याकडचा एक मुद्दा परदेशी चाचण्यांमध्ये सापडत नाही. तिथली खोली बहुधा २०-२२ अंशांची असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारी खोलीतच ३८ अंश असतात. खोली जितकी तापेल तितकं कार्डही साधारण तापतं, नाहीतर पंखे जोरात फिरू लागतात. शिवाय ४५० वॅट म्हणजे छोटा हीटरच; ती सगळी उष्णता त्याच खोलीत राहते. तेव्हा चाचणीतलं तापमान वाचताना खोलीचं तापमान वजा करा आणि उरलेल्या आकड्यात आपल्या गावचा उन्हाळा मिळवा. विदर्भातल्या मुलाला मोठ्या कूलरचे पैसे जितके वसूल होतील, तितके महाबळेश्वरच्या मुलाला होणार नाहीत.

विकत घेण्याआधी फूटपट्टी घेऊन कॅबिनेट मोजा. स्ट्रिक्स ४०९० जवळपास ३५८ मिलिमीटर लांब आणि साडेतीन स्लॉट, म्हणजे कॅबिनेटमधल्या कार्डांच्या साडेतीन खाचांएवढं जाड आहे, वजन अडीच किलोच्या घरात. खालून टेकू दिला नाही तर कार्ड वाकतं. पॉवरची १६ पिनांची केबल ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत आत दाबा आणि कनेक्टरच्या तोंडाशीच दुमडू नका. २०२२ च्या अखेरीस हे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा ते पुरते बसलेले नसणं हे मुख्य कारण एनव्हिडियाने सांगितलं होतं. ४५० वॅट १२ व्होल्टवर म्हणजे साडेसदतीस अँपिअर; एवढा प्रवाह सोळांपैकी सहा बारीक पिनांतून आत जातो. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, किमान ८५० वॅटचा हवा. आणि घरातला तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच झेपवतो. लाइट गेली की गेमसकट सगळं बंद पडेल.

जानेवारी २०२५ अखेर आरटीएक्स ५०९० आलं, १,९९९ डॉलरला. त्याची साधी मर्यादाच ५७५ वॅट आहे. कनेक्टर ६०० वॅटचा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणारी थोडी वीज सोडली तर वर उरतात अवघे २५ वॅट. तेव्हा ५०९० च्या खोक्यावर ‘ओसी’ लिहिलं असेल, तर दुकानदाराला क्लॉक विचारण्याआधी कूलर, आवाज आणि केबलबद्दल विचारा.