गवत आधी मोजा, ढोरं मग सोडा

मंडळी, बालाघाटाच्या माळावर मृग बरसला की आठ-दहा दिवसांत हिरवी लव दिसते आणि गावची ढोरं तिच्यावर सुटतात. कुरणाचं खरं नुकसान तिथंच होतं. गवत पहिला कोंब काढतं ते मुळात आणि बुडख्यात साठवलेल्या अन्नावर. पान पसरायच्या आत ते खुडलं गेलं, की पुन्हा त्याच साठ्यातून खर्च. असं दोन-चार पावसाळे झालं की पवन्या, मारवेल ही चांगली गवतं मरतात आणि कुसळी उरते. कुसळीचं कुसळ पिकलं की ते जनावराच्या तोंडात रुततं, मेंढीच्या कातडीत शिरतं. म्हणून कुसळीचा माळ निसवायच्या सुमारालाच कापून घ्या.

पाऊस लागल्यापासून सहा आठवडे कुरण बंद ठेवा म्हटलं की प्रश्न येतो, तोवर ढोरांना घालायचं काय? प्रश्न रास्त आहे. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं आणि कडब्याची गंज आटली. हिशेब मात्र सोपा आहे. 350 किलोच्या देवणी गाईला दिवसाला साधारण 9 किलो कोरडा चारा लागतो. 45 दिवसांचे झाले 400 किलोच्या वर. कडब्यात थोडा ओलावा असतो म्हणून 450 धरा. एवढा कडबा एका गाईमागे उन्हाळ्यातच बाजूला काढून ठेवायचा आणि कुट्टी करूनच घालायचा. अख्खा टाकला तर धाटं गव्हाणीतच राहतात.

आता मोजणी. सळईची एक मीटर बाय एक मीटर चौकट करा. गवत फुलोऱ्यात आलं की कुरणात निदान दहा ठिकाणी ती टाका, दाट जागा निवडून नव्हे, डोळे झाकून. आतलं गवत कापा, वजन घटायचं थांबेपर्यंत उन्हात वाळवा आणि तोला. सरासरी 100 ग्रॅम भरली तर हेक्टरी 1000 किलो. यातलं निम्मं जमिनीवर राहू द्यायचं. तेच माती धरतं, तेच पुढच्या वर्षीचं मूळ पोसतं. उरलेले 500 किलो म्हणजे एका गाईला 55 दिवस. चार गाई सोडल्या तर दोन आठवडेही नाहीत! शेळ्यांना हा हिशेब जसाच्या तसा लावू नका, त्या झाडपाल्यावर बऱ्याच भागवतात.

कुरणाचे चार भाग पाडा. दरवर्षी एक भाग बी गळेपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या पुढंमागं, पूर्ण बंद. बाकीचे तीन आळीपाळीनं चारा. गायरान असेल तर हे ग्रामसभेत ठरवल्याशिवाय टिकत नाही. एकट्यानं काटे लावून काही होत नाही.

मोकळ्या पडलेल्या मुरमाड जागेत स्टायलो हे शेंगवर्गीय चाऱ्याचं पीक टाका. त्याच्या बियांचं टरफल कडक असतं, तसंच पेरलं तर बरंचसं बी उगवतच नाही. दोन भाग उकळतं आणि एक भाग गार पाणी मिसळा, त्यात बी चार-पाच मिनिटं ठेवा, लगेच गार पाण्यात काढा आणि सावलीत वाळवा. बी बारीक आहे, एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर वर येत नाही. वरवर उधळून काटेरी फांदी फिरवली की पुरे. पहिल्या वर्षी तिथं शेळी शिरू देऊ नका.