शेगडीमागचा बोर्ड

(दृश्य: दुरुस्तीच्या दुकानातलं टेबल, कॅमेरा वरून)

सांगली. मारुती रोडच्या मागच्या बोळातलं दुरुस्तीचं दुकान. मिक्सर येतात, गिझर येतात, पंखे येतात, पण हल्ली भिंतीला टेकवून जी चळत लागलीय ना ती सगळी इलेक्ट्रिक शेगड्यांची. दादांनी त्यातली एक काढली, पालथी घातली, स्क्रू फिरवले, खालचं झाकण उचललं आणि हे बघा. झुरळं. काही पळाली, काही पळायच्या बेतात आहेत आणि एक मात्र जागच्या जागी चिकटून मेलंय, बरोबर बोर्डावरच्या दोन टाक्यांच्या मधे. तेवढ्यानं शॉर्ट झालं आणि शेगडी बंद पडली. दादा म्हणतात, “कंपनीला शिव्या घालत आला होता गिऱ्हाईक. आता त्याला काय सांगू, हे दाखवू?”

झुरळं आत जातात कारण आत ऊब असते, आणि जायला वाट आपणच ठेवलेली असते. शेगडीच्या खाली आणि मागं ह्या ज्या फटी दिसतायत त्या पंख्याच्या. आतला पंखा खालून हवा ओढतो आणि मागून बाहेर टाकतो. सांडलेला रस्सा, पिठाची धूळ, फोडणीची वाफ सगळं त्याच वाटेनं आत जातं आणि वर तेलकट थर बसतो. म्हणजे खायला पण घरातच. रात्री शेगडी ओट्यावरून उचलून कोरड्या जागी उभी करून ठेवली, फटी कोरड्या ब्रशनं झाडल्या तरी दादांचं निम्मं गिऱ्हाईक कमी होईल, हे तेच सांगतात आणि हसतात.

(दृश्य: तांब्याची कॉइल, जवळून)

आता ह्या इंडक्शन शेगडीच्या आत काय असतं ते नीट बघून घ्या, परत कुणी असं उघडून दाखवणार नाही. हे तांब्याच्या तारेचं चकलीसारखं वेटोळं, ही कॉइल. बाजूला ॲल्युमिनियमच्या पट्टीला घट्ट बसवलेला काळा चौकोनी तुकडा म्हणजे आयजीबीटी, सगळ्यात जास्त उडणारा पार्ट हाच. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते, हा तुकडा तीच वीज सेकंदाला २०,००० पेक्षा जास्त वेळा चालू-बंद करून कॉइलला देतो. त्यानं कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यात लोखंडी बुडाचं भांडं आलं की भांड्याच्या बुडातच प्रवाह फिरायला लागतात आणि भांडं स्वतःच तापतं. काच तापते ती भांड्यामुळं, उलटं नाही. कॉइलच्या मधोमध पांढरी पेस्ट लावलेला हा बारका मणी दिसतोय, तो तापमान बघणारा सेन्सर, काचेला खालून चिकटलेला. भांडं मधोमध नाही ठेवलं, कडेला सरकवून ठेवलं तर ह्याला कळतच नाही वर किती तापलंय ते. म्हणून मधोमध ठेवायचं, एवढंच. आणि रिकामी कढई ठेवून कांदा चिरायला बसायचं नाही, पातळ बुडाचं भांडं मिनिटा-दोन मिनिटात वाकडं होतं.

बंद केल्यावर पंखा थोडा वेळ फिरत राहतो, आतलं गार करायला. लोक काय करतात, बटण दाबलं की लगेच मागचा स्विच पण बंद. आयजीबीटी मरतो तो असा पण.

(दृश्य: टेबलाखालचा पत्र्याचा डबा)

पण शेगडीच्या आतलं एवढं दाखवलं तरी मुद्दा आत नाहीये. दादांनी टेबलाखालून हा डबा काढला आणि आमचा कॅमेरा बराच वेळ तिथंच थांबला. ह्यात जळालेल्या पिना आहेत. नुसत्या पिना. एकीचं प्लास्टिक तपकिरी पडलंय, एकीचं वितळून पितळ उघडं पडलंय, एकीला अजून सॉकेटचा तुकडा चिकटलेला आहे. शेगडी दुरुस्त करून देताना कापून काढलेल्या ह्या सगळ्या. दादा त्या टाकून देत नाहीत, गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवतात.

हिशोब सोपा आहे आणि तो कुणी सांगत नाही म्हणून आम्ही सांगतो. शेगडी २,००० वॅटची, घरातली वीज २३० व्होल्ट, म्हणजे ती साधारण पावणेनऊ अँपिअर ओढते. टीव्ही-मोबाईलचा जो छोटा सॉकेट असतो तो ६ अँपिअरचा. शेगडीची जाड पिन त्यात बसत नाही, ती बसत नाही ते मुद्दाम, पण आपण लगेच कन्व्हर्टर आणतो, नाहीतर जाड पिन कापून बारकी लावून घेतो, आणि पुरणासाठी तास-दीड तास डाळ शिजवत ठेवतो. त्यात सॉकेट जुना, आतली पट्टी सैल झालेली. सैल जोडाला उष्णता धरते, उष्णतेनं पट्टी अजून सैल होते, असं ते वाढतच जातं. पिन हाताला गरम लागली, बोर्ड पिवळा पडला, जळकट वास आला, बोर्डात चरचर ऐकू आली तर तिथंच थांबायचं, स्वयंपाक अर्धा राहू दे.

ह्यातनं आगी लागतात, माणसं दगावतात, ते सगळ्यांना माहिती आहे.

(दृश्य: गावभागातला जुना वाडा, जिना, माळवद)

हे गावभागातलं जुनं घर. लाकडी पट्टीतलं वायरिंग बघा, भिंतीवरून सरळ रेषेत गेलंय, काय सुबक काम केलंय त्या काळच्या वायरमननं, आणि सुबक आहे म्हणूनच कुणी त्याला हात लावत नाही. पण ते झालं बल्ब आणि पंख्यासाठी. दोनच तारा आहेत, वीज आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल. बोर्डवर तीन भोकाचा सॉकेट मात्र नंतर बसवलेला, वरचं भोक अर्थिंगचं, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणाऱ्या तारेचं, पण इथं ते नुसतं शोभेचं, मागं तारच नाही.

वायरमनदादांनी होल्डरला बल्ब लावला, एक तार फेजला आणि दुसरी त्या वरच्या भोकात. बल्ब लागला नाही. घरातल्या आज्जी म्हणाल्या, “आरं, शेगडी तर चालतीया की.” हीच तर अडचण आहे. अर्थिंग नसलं तरी शेगडी चालते, छान चालते. आत कुठंतरी वायर सोलवटून पत्र्याला टेकली किंवा काचेला तडा जाऊन पाणी आत गेलं की मग वीज अर्थिंगची वाट शोधते, आणि ती वाट नसेल तर शेगडीला हात लावणारा माणूसच वाट होतो. (हे असलं नुसत्या स्क्रू-ड्रायव्हरसारख्या टेस्टरनं नाही कळत, आणि बल्बचा हा प्रयोग घरी करू नका, वायरमनलाच करू द्या.)

मग काम सुरू झालं आणि ते पूर्ण बघण्यासारखं आहे. पहिल्यांदा मीटरपासनं स्वयंपाकघरापर्यंत वेगळी लाईन. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारा, तीन रंगाच्या, हिरवी अर्थिंगची. मधे कुठं जोड नाही, टेप गुंडाळून केलेला जोड तर नाहीच नाही. लाईनला स्वतःचा १६ अँपिअरचा एमसीबी. मेनजवळ आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. ह्या दोन डब्या शेजारी शेजारी दिसतात म्हणून लोकांना वाटतं एकच काम करतात, तसं नाहीये. एमसीबी तारेला वाचवतो, जास्त लोड आला की पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो. आरसीसीबी माणसाला वाचवतो, गेलेली वीज आणि परत आलेली वीज ह्यात जरा फरक पडला की तो पडतो. त्याच्यावर टेस्टचं बारकं बटण असतं, महिन्या-दोन महिन्याला ते दाबून बघायचं. पडला तर चांगला.

अंगणात हा खड्डा. त्यात जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप, भोवती कोळसा आणि मीठ थराथरानं, वर पाणी ओतायला फनेल. पूर्वीपासनं असंच करतात. मिठानं ओल धरते पण मिठानंच पाईप गंजतो, म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वी केलेलं अर्थिंग आहे ना, असं म्हणून निवांत बसायचं नाही. आणि एप्रिल-मेमध्ये, सांगलीचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको, तेव्हा फनेलमधून दोन-चार बादल्या पाणी ओतायचं. तुळशीला घालता तसं इथं पण घाला.

बोर्ड बसवताना वायरमनदादांनी तो शेगडीच्या थेट मागं नाही बसवला, बाजूला आणि जरा वर घेतला. वाफ बोर्डावर जायला नको आणि काही पेटलं तर जाळावरून हात न नेता स्विच बंद करता यायला पाहिजे. सगळं झाल्यावर परत तोच बल्ब, तीच दोन टोकं, ह्यावेळी फेज आरसीसीबीच्या अलीकडून, मीटरच्या बाजूनं घेऊन, नाहीतर तो लगेच पडला असता. लागला. आज्जींचा चेहरा बघा.

अजून एक, महावितरणच्या बिलावर मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे ते, लिहिलेला असतो तो कुणी वाचत नाही. गिझर, शेगडी, पाण्याची मोटर एका वेळी चालवायची असेल तर आधी तो बघा आणि कमी असेल तर वाढवून घ्या.

(दृश्य: विश्रामबागमधलं स्वयंपाकघर, संक्रांतीची गडबड)

हे विश्रामबागमधलं घर, इथं बोर्ड-बिर्ड सगळं व्यवस्थित आहे त्यामुळं इथं फक्त शेगडी बघू. ओट्यावर दोन आहेत, दिसायला जुळ्या बहिणी, स्वभाव वेगळे. डावीकडची इंडक्शन, उजवीकडची इन्फ्रारेड. काकू इंडक्शनवर जर्मनचं पातेलं ठेवतात, शेगडी नुसती टूं टूं करते. पितळी ठेवलं, तेच. फ्रीजवरचं लोहचुंबक काढून भांड्याच्या बुडाला लावून बघायचं, घट्ट चिकटलं तर चालणार. सपाट बूड पाहिजे, भाकरीचा खोलगट तवा काचेपासनं वर राहतो, त्यामुळं भाकरी गॅसवरच, ह्यात आम्ही वाद घालत नाही.

इन्फ्रारेडवर काहीही चालतं, पण तिची काच स्वतः लाल होते आणि बंद केल्यावर लाल रंग जातो, चटका मात्र तसाच राहतो. लहान पोरांच्या घरात हिच्यावर जास्त लक्ष. इंडक्शनच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट, घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर चालू शेगडीपासनं दोन फूट लांब थांबायचं आणि डॉक्टरांना विचारून घ्यायचं.

आता हे बघा, तिळगुळाचा पाक उतू गेला आणि इन्फ्रारेडच्या गरम काचेवर पडला. गूळ आपल्या सांगलीचा, चिकटणार म्हणजे चिकटणारच. पण गंमत नाही, साखरेचा पाक काचेवर तसाच गार झाला तर निघताना काचेचे टवके घेऊन निघतो. काकूंनी लगेच शेगडी बंद केली, पातेलं हळू उचललं आणि काच अजून गरम असतानाच लाकडी उलथन्यानं पाक खरवडून काढला, हात लांब ठेवून. बाकी सगळी साफसफाई मात्र पूर्ण गार झाल्यावर, पिन काढून, ओल्या पिळलेल्या फडक्यानं. तारेची घासणी नाही, नळाखाली तर मुळीच नाही. हळदीचा डाग राहिला तर राहू दे, त्यानं काही होत नाही.

काच उष्णता सोसते, घाव सोसत नाही. भरलेला कुकर आपटला की केसाएवढा तडा जातो, बोटाला लागतो पण डोळ्याला दिसत नाही. तसला तडा बोटाला लागला की पिन काढायची आणि ती शेगडी परत लावायची नाही. खाली पेपर किंवा प्लास्टिकचं कापड अंथरायचं नाही, पंखा तेच ओढून धरतो. कडप्प्याचा ओटा तसाच उघडा बरा. भिंतीपासनं वीतभर लांब. तळताना तेल पेटलं तर बंद करून झाकण टाकायचं, पाणी नाही.

(दृश्य: मुलांच्या खोलीतली उघड्या कॉइलची शेगडी)

ही जुनी, मातीच्या चकतीत नायक्रोमचं स्प्रिंग. अजून विकतात आणि अजून घेतात. स्प्रिंग उघडंच आहे आणि त्यात वीज आहे, स्टीलचा चमचा टेकला की झालं. तुटलं की पोरं दोन टोकं पिळून जोडतात, मग स्प्रिंग आखूड होतं आणि आधीपेक्षा जास्त वीज ओढतं. हिच्याबद्दल सांगण्यासारखं चांगलं काही नाही.

(दृश्य: आयर्विन पूल, नदी, घरांवरच्या पाण्याच्या खुणा)

सांगलीत शेगडीबद्दल बोलायचं आणि कृष्णेबद्दल नाही असं चालणार नाही. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ मध्ये परत धोक्याच्या वर. भिंतीवरची ही खूण त्याच पाण्याची. पाणी ओसरल्यावर लोकांनी शेगड्या, मिक्सर ओळीनं उन्हात मांडले, वरून सुकले, आत गाळ तसाच. पंख्याच्या फटीतनं गेलेला गाळ उन्हानं निघत नाही आणि वाळला तरी ओल धरून ठेवतो.

आणि शेगडी बाजूला ठेवा, भिंतीतल्या पाईपात पाणी साठून राहतं ते कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळं पाणी उंबऱ्यापर्यंत यायच्या आधी मेन बंद करायचा, आलं असेल तर पाण्यात उभं राहून मेनला हात लावायचा नाही, महावितरणला फोन करायचा. नंतर वायरमनकडनं मेगर, म्हणजे तारेतनं वीज कुठं गळते का ते दाखवणारा मीटर, लावून घ्यायचा. तो हा, हँडल फिरवायचा जुना, काटा बघा. काटा शून्याकडं झुकला तर ती लाईन अजून ओली आहे, तिचे सॉकेट उघडे करून वारं लागू द्यायचं आणि दोन-चार दिवसांनी परत बघायचं. काटा वर थांबला की मग एकेक एमसीबी वर करायचा, आधी दिवे, मग पंखे, स्वयंपाकघराचा सगळ्यात शेवटी.