डबक्यात उडी मारलेली पोरगी आणि गणिताला हपापलेला राजा

माईक चालू आहे ना? मागे ऐकू येतंय? बरं.

आधीच सांगून टाकते, मी काही कोरियन सिरीयलवाली एक्स्पर्ट नाही, मी गेली 22 वर्षं गणिताचे क्लास घेते. माझ्या भाचीने मला हे खूळ लावलं, मावशी यात तुझाच विषय आहे म्हणाली, आणि मी म्हटलं चल, दोनच तर एपिसोड आहेत, तास-सव्वातासाचे, पोळ्या होईपर्यंत एक संपेल. पोळ्या करपल्या, ते जाऊ दे.

सिरीयलचं नाव ‘स्प्लॅश स्प्लॅश लव्ह’. कोरियनमधे ‘पोंगदांग पोंगदांग लव्ह’, आणि पोंगदांग म्हणजे पाण्यात खडा टाकल्यावर होतो तो आवाज, आपल्याकडे डुबुक म्हणतो ना, तेच. आधी नेव्हर नावाच्या त्यांच्या साईटवर आली आणि मग 2015 च्या डिसेंबरमधे 13 आणि 20 तारखेला एमबीसी चॅनलवर, बस, दोन रविवारात खेळ खल्लास. आपल्याकडे दोन एपिसोडमधे सासू नुसती जिना उतरते.

गोष्ट अशी की दान-बी नावाची बारावीतली मुलगी आहे, किम सुल-गीने केलीये आणि काय केलीये, पडेल तोंडाची, चिडकी, गोड. गणितात पार झोपलेली. कोरियात अशा मुलांना एक शब्दच आहे, सुपोजा, म्हणजे गणित सोडून दिलेला. विचार करा हं, समाजात एवढी मुलं आहेत की त्यांच्यासाठी वेगळा शब्द पडलाय. तर परीक्षेच्या दिवशी ही पळून जाते, खेळाच्या मैदानात पावसाचं डबकं साचलेलं असतं त्यात उडी मारते आणि थेट 15 व्या शतकात, जोसन राजवटीत जाऊन पडते.

आता ही परीक्षा म्हणजे काय ते कळलं नाही तर उडी कळणार नाही. कॉलेज प्रवेशाची परीक्षा, सुनुंग म्हणतात तिला, नोव्हेंबरात एका गुरुवारी असते, सकाळी पावणेनऊच्या आत सुरू होते ती संध्याकाळपर्यंत, सगळे विषय एकाच दिवशी. आपली बारावी निदान महिनाभर रेंगाळते, मधे गॅप असतो, रडायला वेळ मिळतो. तिथे त्या दिवशी ऑफिसं तासभर उशिरा उघडतात म्हणजे रस्त्यात ट्रॅफिक नको, उशीर झालेल्या पोरांना पोलीस आपल्या मोटरसायकलवरून सेंटरला सोडतात, आणि दुपारी इंग्रजीचा ऐकण्याचा पेपर असतो तेव्हा साधारण 35 मिनिटं देशभर विमानं उतरत नाहीत की उडत नाहीत. विमानं! मुलांना चिकट टॉफी देतात, यत म्हणतात तिला, म्हणजे पोरगं कॉलेजला चिकटावं, आणि समुद्री शेवाळाचं सूप त्या दिवशी खात नाहीत कारण ते बुळबुळीत, मार्क घसरतील. आपण दही-साखर हातावर ठेवतो तसंच. तर अख्खा देश श्वास रोखून उभाय तुझ्यासाठी आणि तुला तर पहिलं गणितही येत नाही, मग माणूस डबक्यात उडी मारणारच ना? मला तरी ते अजिबात फँटसी वाटलं नाही.

बरं, ती पडते कुठे, तर दुष्काळात. राजा पावसासाठी विधी करतोय, आपलं धोंडी धोंडी पाणी दे असतं तसं, फक्त राजेशाही थाटात. आणि हिच्या नावाचा अर्थच, दान-बी म्हणजे ऐन गरजेच्या वेळी आलेला गोड पाऊस. अंगात आजचे कपडे, डोक्यावर धड अंबाडा नाही, बोलणं विचित्र, त्यामुळे हिला राजवाड्यातला खोजा समजतात. जीव वाचतो कशाने, तर गणिताने. कारण राजाला गणित शिकायचंय आणि हिला, सुपोजा असली तरी, शाळेतलं जे काही थोडंफार आठवतंय ते त्या काळात कुणालाच माहीत नाही.

राजा म्हणजे यी दो, आपण पुस्तकात वाचतो तो सेजोंग, 1418 ते 1450 राज्य केलं, कोरियन लिपी ज्याच्या नावावर आहे तो. काम केलंय युन दु-जूनने, तो तेव्हाच्या बीस्ट नावाच्या बँडमधला गायक, आता त्याच बँडचं नाव हायलाइट. आणि मला वाटलं होतं गणितवेडा राजा हे लेखकाने सोयीसाठी घातलं असणार, पण नाही हो! दरबाराच्या ज्या रोजच्या नोंदी आहेत ना, सिल्लोक म्हणतात, त्यात 1430 सालची नोंद आहे की राजा खरंच एक चिनी गणिताचं पुस्तक घेऊन बसायचा, जंग इन-जी नावाचा विद्वान शंका सोडवायला शेजारी, आणि राजा म्हणतो की राजाला याचा तसा काही उपयोग नसेल पण मला समजून घ्यायचंय. 22 वर्षांत माझ्या क्लासमधे हे वाक्य एकाही मुलाने म्हटलेलं नाही, आईवडिलांनी तर नाहीच.

आणि गरजही होती. 1422 मधे सूर्यग्रहणाची वेळ एका गाक ने, म्हणजे सुमारे पाव तासाने चुकली, तर ज्याने गणित केलं त्या अधिकाऱ्याला फटके बसले. पंचांग चिनी पद्धतीचं, आकाश कोरियातलं, जुळणार कसं? म्हणून सेजोंगने स्वतःच्या राजधानीचं गणित वेगळं बसवून घेतलं.

तर प्रेम कसं होतं या दोघांत, तर तो विचारतो, ती सांगते, मग ती अडखळते, तो पुन्हा विचारतो. एवढंच. हातात हात वगैरे पुढे आहे, छत्रीबित्री, स्लो मोशन, सगळं आहे, पण मला विचाराल तर प्रेम त्या शिकवण्यातच होऊन जातं. जिला आयुष्यभर सगळ्यांनी तुला काय येत नाही तेच सांगितलं, तिच्यासमोर एक माणूस वही उघडून बसतो आणि म्हणतो पुढे काय? प्रेमात पडणार नाही तर काय करेल ती पोरगी. मला तर त्या राजासाठी बॅच सुरू करावीशी वाटली.

आता नावडलेलं सांगते. दुसरा एपिसोड पळतो, फार पळतो, आणि त्यात राणीवर अन्याय होतो. राणी सोहन, जिन की-जूने केलीये. खऱ्या इतिहासात तिचं लग्न 1408 मधे झालं, तेव्हा हा 11 वर्षांचा, ती 13 ची. हा गादीवर आला त्याच वर्षी सासऱ्याने, म्हणजे याच्या बापाने, तिच्या वडिलांना मारलं. त्या घरात ती राहिली. सिरीयल दाखवते की दोघांत दुरावा आहे, कारणही तेच, आणि बिचारी आपल्या नायिकेच्या वाटेतली अडचण होऊन बसते. खऱ्या आयुष्यात त्या दोघांना 8 मुलगे आणि 2 मुली झाल्या, म्हणजे दुरावा किती ते तुम्हीच ठरवा! (हसू नका, मीही हसले होते.) पण त्या राणीवर एक वेगळी सिरीयल व्हायला हवी आणि ती दोन एपिसोडची नको. हां, आणि तो दरबारातला पार्क यन झालाय ना, तो आन ह्यो-सप, पुढे ऑफिसवाल्या रोमँटिक सिरीयलमधे बॉस झाला तोच, इथे अगदी कोवळा दिसतो.

एक गोष्ट मात्र या बाईने, म्हणजे किम जी-ह्यन, लिहिलंयही तिनेच आणि दिग्दर्शनही तिचंच, फार हुशारीने केलीये. राजा आपल्या दान-बीला तिथे नाव देतो जांग यंग-शिल. तुम्हाला काही वाटणार नाही, पण कोरियन माणूस हे नाव ऐकून खुर्चीतून उठतो. खरा जांग यंग-शिल हा गुलाम वर्गात जन्मलेला पुरुष, सेजोंगने त्याला वर आणलं, 1434 मधे त्याने आपोआप टोले देणारं पाण्याचं घड्याळ बनवलं. आणि 1442 मधे त्याच्या देखरेखीखाली बनलेली राजाची पालखी मोडली, राजा त्यात नव्हता तरी, 100 फटक्यांची शिक्षा झाली, राजाने ती 80 वर आणली, आणि त्यानंतर हा माणूस नोंदींमधून गायब. कुठे गेला, कधी मेला, काही नाही. इतिहासाने रिकामी सोडलेली जागा होती, तिथे हिने बारावी नापासच्या भीतीने पळालेली एक मुलगी बसवली.

त्याच 1442 मधे राजाने गावोगावी पर्जन्यमापक पाठवले. त्याआधी पाऊस किती झाला ते कसं बघायचे माहितीये? जमीन उकरून ओल किती खोल गेलीये ते बघायचे, आपला शेतकरी बघतो तसंच. पण कोरडी जमीन वेगळी, भिजलेली वेगळी, हिशोब लागेना, म्हणून मग एक साधं भांडं, सुमारे 31 सेंटीमीटर खोल, पावसात ठेवायचं आणि आत किती साचलं ते मोजायचं. ही कल्पना युवराजाची, असं नोंदी सांगतात, लोक मात्र श्रेय जांग यंग-शिलला देतात.

हो, बोला ताई. शेवट? नाही हो, शेवट नाही सांगणार, ती परत येते का, परत आली तर पेपर देते का, काही नाही. दोन एपिसोड आहेत, आज रात्री बघा. फक्त पोळ्या आधी करून घ्या.