खोटं क्षितिज

मागे आवाज येतोय ना? बरं. आज वाशीच्या या कट्ट्यावर एका पडलेल्या विमानाचं बोलायचंय, तेव्हा ज्यांचं पुढच्या आठवड्याचं तिकीट आहे त्यांनी आत्ताच चहाला जावं.

१ जानेवारी १९७८. एअर इंडियाचं बोइंग ७४७, नाव 'एम्परर अशोक', त्यांचं पहिलंच जम्बो, १९७१चं. रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि १०१ सेकंदांत वांद्र्यासमोर समुद्रात. २१३ माणसं, वाचलं कोणीच नाही. आधी सगळ्यांना वाटलं बॉम्ब. निघालं काय, तर एक मीटर.

मी आयुष्यभर ठाणे-बेलापूर रोडवर इन्स्ट्रुमेंटचंच काम केलं. गेज बंद पडला, काटा शून्यावर गेला तर काही टेन्शन नसतं, दिसतंच ना. पण एकदा आमच्या बॉयलरचा काटा सहावर अडकून बसला, आणि सहा म्हणजे नेहमीचंच प्रेशर, मग कोण कशाला बघतोय? टिचकी मारली तेव्हा टुणकन नऊवर गेला. हात गार पडले माझे.

तर विमानात पायलटसमोर एक बनावट क्षितिज असतं, वर आकाश, खाली जमीन, मधे रेघ. विमान कललं की ते कलतं. त्या रात्री विमान किनारा ओलांडून जरा उजवीकडे वळलं, मग सरळ झालं, पण कॅप्टनचं क्षितिज मात्र उजवीकडेच अडकून राहिलं, म्हणून तो सरळ करायला डावीकडे फिरवतोय, मीटर हलत नाही, म्हणून अजून डावीकडे.

तुम्ही म्हणाल, बाहेर बघायचं की. अहो, आपल्या सागर विहारला रात्री उभं राहिलं तर खाडीपलीकडे दिवे दिसतात, त्यावरून आडवं-उभं कळतं. वांद्र्याहून पश्चिमेला काय आहे? नुसता काळोख, आकाश कुठे संपलं तेही कळत नाही. आणि शरीरावर तर अजिबात भरवसा नको. विमान हळू कललं तर कानातल्या पाण्याला पत्ताच लागत नाही, मांडीवरचा कप सांडत नाही, तुम्हाला वाटतं आपण सरळच बसलोय.

बाजूला को-पायलटचा मीटर होता, मधे तिसरा स्टँडबायचा. कॅप्टन म्हणाला माझा गेला, को-पायलट म्हणाला माझाही. फ्लाइट इंजिनिअरच्या लक्षात आलं, तो सांगत होता त्या मीटरवर जाऊ नका म्हणून, पण विमान जेमतेम दोन हजार फुटांवर, टिचकी मारायलाही वेळ नाही. डावीकडे १०८ अंश कललं होतं ते, म्हणजे पंख उभा होऊन पुढे उलटायला लागलेला, आणि कॅप्टनच्या समोर अजून उजवीकडेच.