कॅसेट एकदाच चालणार आहे असं धरून

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका सोसायटीत ज्येष्ठ रहिवाशांसमोर केलेल्या बोलण्याचं संपादित रूप)

टेबलावर दोन यंत्रं दिसताहेत. डावीकडचं तुम्ही सगळे ओळखता, व्हीसीआर. उजवीकडचं काहींना अनोळखी वाटेल. तो डीव्हीडी रेकॉर्डर आहे आणि त्याच्या पोटात १६० जीबीची हार्ड डिस्क आहे. ही जोडी गेली बरीच वर्षं माझ्या घरी बाहेरच्या खोलीत मांडलेली आहे. आधी घरच्या कॅसेटी झाल्या, मग शेजारच्या आल्या, मग नात्यातल्या. मघाशी मी विचारलं की लग्नाची, मुंजीची, बारशाची कॅसेट अजून कोणाकोणाच्या घरी आहे, तर जवळजवळ सगळे हात वर आले. म्हणून आज कॅसेटमधलं डीव्हीडीवर उतरवून घ्यायच्या या एकाच कामाबद्दल बोलते.

माझ्या वडिलांचा आवाज एकाच कॅसेटमध्ये होता. १९९१ साली धाकट्या भावाची मुंज झाली, तिची ती कॅसेट. वडील गेल्यानंतर एका संध्याकाळी ती माळ्यावरून काढली आणि नुसती बघायला म्हणून व्हीसीआरमध्ये घातली. मातृभोजन नीट दिसलं. भिक्षावळ सुरू झाली, आईच्या मागे उभे राहून वडील कोणालातरी हाक मारत होते, आणि तिथे फीत आत गुंडाळली गेली. हळूहळू सोडवून बाहेर काढली, पण तेवढा तुकडा चुरगळला तो चुरगळलाच. आजही तिथे आल्यावर पडद्यावर नुसत्या मुंग्या येतात आणि हाक अर्धवट तुटते. रेकॉर्डर तेव्हाही घरात होता. फक्त जोडलेला नव्हता.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट पाळते. कॅसेट एकदाच चालणार आहे असं धरून सगळी तयारी आधी करायची, आणि मगच ती व्हीसीआरला द्यायची.

कॅसेटच्या आत पॉलिएस्टरची पट्टी असते आणि तिच्यावर चुंबकीय भुकटी एका चिकट थराने बसवलेली असते. हा थर ओलाव्याने खराब होतो. आपल्याकडे चार महिने पाऊस, आणि कॅसेटींची जागा ठरलेली, माळा नाहीतर पलंगाखालची बॅग. कॅसेटच्या खिडकीतून आत बघा. काळ्या गुंडाळीच्या कडेवर पिठासारखं पांढरं दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडला, म्हणजे व्हीसीआरमधल्या फीत वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला. ती बाजूला ठेवा, तिची सफाई हे वेगळं आणि जाणत्या माणसाचं काम आहे. बाकीच्या कॅसेटी सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात आठवडाभर ठेवा. रेकॉर्ड करण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बसलेली फीत मोकळी होते आणि सारख्या ताणाने चालते. आणि हे लांबणीवर टाकू नका. जपानची फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी होती, तिनेही २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं. म्हणजे आज जे व्हीसीआर चालू आहेत, त्यांच्या हेडची झीजच होत जाणार आहे.

आता हार्ड डिस्क कशाला हवी? नुसता डीव्हीडी रेकॉर्डर असला तर व्हीसीआरमधून येणारं चित्र थेट डिस्कवर कोरलं जातं. डीव्हीडी-आर एकदाच लिहिता येते. मध्ये ट्रॅकिंग, म्हणजे फीत आणि हेड यांची जुळणी, बिघडलं, कॅसेटच्या शेवटी अर्धा तास निळा पडदा आला, तर तेही कोरलं गेलं. हार्ड डिस्क असली की सगळं आधी तिथे उतरतं. आपल्या स्वयंपाकघरातला ओटा आणि डबा यांच्यासारखं आहे हे. निवडणं, चिरणं, टाकाऊ काढणं ओट्यावर, आणि भरून ठेवायचं डब्यात. ओट्यावरच सामान सोडून देऊ नये, हे मात्र लक्षात असू द्या. रेकॉर्डरमधली हार्ड डिस्क त्या त्या कंपनीच्या पद्धतीने लिहिलेली असते. यंत्र बंद पडलं तर ती काढून कॉम्प्युटरला जोडली तरी आतलं सहजासहजी वाचता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने अकरा कॅसेटी हार्ड डिस्कवर घेतल्या, डीव्हीडी नंतर करू म्हणून कॅसेटी टाकून दिल्या, आणि दीड वर्षाने यंत्र सुरूच होईना.

असं यंत्र नवं आता दुकानात मिळायचं नाही. पॅनासॉनिक, पायोनिअर, सोनी, फिलिप्स, एलजी या कंपन्यांनी ती एके काळी पुष्कळ विकली. आज ती मिळतात कोणाच्या तरी कपाटात, नाहीतर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी जुन्या मालात. बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न रिमोटचा विचारा. कापाकापी, नावं देणं, डिस्क पूर्ण करणं, हे सगळं रिमोटवरच्या मेनूतून होतं. यंत्रावरची बटणं फक्त चालू, बंद आणि रेकॉर्ड एवढीच. मूळ रिमोट नसेल तर यंत्र कितीही चकचकीत असलं तरी मी घेणार नाही.

दुसरं, मागची पट्टी वाचा. आखातातून आणलेलं यंत्र बहुधा आपल्याकडे चालतं, कारण वीज आणि पाल ही टीव्हीच्या चित्राची जुनी पद्धत दोन्ही जुळतात. अमेरिकेतून आणलेलं बहुधा १२० व्होल्टचं असतं. ते आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातलं तर जळेल. शिवाय तिकडची पद्धत एनटीएससी, ५२५ रेषांची. आपली पाल ६२५ रेषांची. मुलाने न्यू जर्सीहून पाठवलेली कॅसेट असेल तर ती चालवायला एनटीएससी ओळखणारा व्हीसीआर लागेल, आणि तिची डीव्हीडी वेगळीच करावी लागेल.

तिसरं, बरोबर एक डीव्हीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी डिस्क, न्या. दुकानातच पाच मिनिटं रेकॉर्ड करा, हार्ड डिस्कवरून तिच्यावर उतरवा आणि चालवून बघा. जुन्या यंत्रात लिहिणारा लेझर आधी दमतो. वाचतं सगळं, लिहीत काहीच नाही. त्याच वेळी कान जवळ नेऊन ऐका. हार्ड डिस्कची बारीक घरघर चालते, पण टक-टक असा ठराविक ठोका येत असेल तर ती शेवटाकडे आली आहे. डिस्क किती जीबीची, याला मी फार महत्त्व देत नाही. ८० ची असली तरी काम भागतं, कारण तुम्ही ओटा रोज रिकामा करणार आहात. त्यापेक्षा समोरच्या झाकणाखाली बघा. पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिनांची जागा असतेच. एस-व्हिडिओची गोल पिन असली तर उत्तम. डीव्ही लिहिलेली छोटी जागा असेल तर मिनी डीव्ही कॅमेऱ्याची कॅसेटही सरळ घेता येईल.

या यंत्रातला ट्यूनर, म्हणजे चॅनल पकडणारा भाग, आता निरुपयोगी आहे. २०१३ पासून ठाण्यातलं केबल डिजिटल झालं, घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. मालिका किंवा नाटक टायमरवर घ्यायचं असेल तर बॉक्स त्या चॅनलवर चालू ठेवून रेकॉर्डर बाहेरच्या इनपुटवर लावायचा. जमतं, पण त्यासाठी हे यंत्र घ्या असं मी सांगणार नाही.

आता ज्याच्यात सगळ्यात जास्त चुका होतात ते सांगते. एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. तेवढ्या जागेत किती वेळ बसवायचा हे आपण ठरवतो. त्यासाठी रेकॉर्डरमध्ये वेगवेगळे मोड असतात: एक्सपीत एक तास, एसपीत दोन, एलपीत चार, ईपीत सहा किंवा आठ. जागा तीच, वेळ वाढला की प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला कमी येतं. कॅसेट बहुतेक ई-१८० असते, तीन तासांची. साहजिकच मोह होतो की एलपी लावू, एका डिस्कमध्ये संपवू.

त्या बाजूने एक मुद्दा आहेही, तो प्रामाणिकपणे सांगते. व्हीएचएसचं, म्हणजे आपल्या या कॅसेटींचं, चित्र आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांचा तपशील देतं. डीव्हीडीची पूर्ण चौकट रुंदीला ७२० ठिपक्यांची असते, एलपीत बरेच रेकॉर्डर ती ३५२ वर आणतात. कॅसेटमध्ये जेवढं आहे तेवढं ३५२ मध्ये बसायला हवं, असं कागदावर दिसतं. पण जुन्या कॅसेटमध्ये चित्राबरोबर खरखरही असते, सतत हलणारे बारीक दाणे. डीव्हीडीची पद्धत अशी की मागच्या चौकटीपेक्षा नव्या चौकटीत जे बदललं, मुख्यतः तेवढंच लिहायचं. दाणे तर प्रत्येक चौकटीत बदलतात. यंत्राला दाणा कोणता आणि मावशीच्या चेहऱ्यावरची सुरकुती कोणती हे कळत नाही. ते दोन्ही लिहायला जातं, जागा पुरत नाही, आणि चेहरा गुळगुळीत मेणासारखा होतो.

याची परीक्षा घ्यायची असेल तर आपल्या लग्नात एक क्षण आहे. मंगलाष्टकं संपतात, सावधान म्हणतात, अंतरपाट दूर होतो आणि चारी बाजूंनी अक्षता पडतात. त्या दोन-तीन सेकंदांत पडद्यावर शेकडो ठिपके एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना धावत असतात. त्यात कॅमेऱ्याचा झगझगीत दिवा, आणि गर्दीत हलणारे हात. या यंत्राला याहून अवघड काही देता येणार नाही. ईपीत घेतलेली एक लग्नाची डीव्हीडी माझ्याकडे दुरुस्त करायला आली होती. सगळी कॅसेट बरी दिसत होती, आणि नेमक्या अक्षता पडताना नवरा-नवरीच्या चेहऱ्यांची चौकोनी ठिगळं झाली होती. ज्या क्षणासाठी कॅसेट जपली तोच गेला. मूळ कॅसेट होती म्हणून पुन्हा एक्सपीत घेता आली.

म्हणून मी विधी एक्सपीत घेते, बाकीचं एसपीत. एसपीच्या खाली जात नाही. तीन तासांची कॅसेट दोन किंवा तीन डिस्कवर गेली तर जाऊ द्या. मंगलाष्टकांपर्यंत पहिली डिस्क, पंगतीपासून दुसरी, असं तोडलं की बघणाऱ्यालाही सोयीचं होतं. आणि ज्या मोडमध्ये हार्ड डिस्कवर घेतलं त्याच मोडमध्ये डिस्कवर उतरवा. मग यंत्र फक्त नक्कल करतं, काही मिनिटांत, आणि दर्जा तसाच राहतो. मोड बदललात तर ते सगळं नव्याने दाबून लिहितं. वेळ पूर्ण कॅसेटएवढा, आणि दर्जा आणखी एक पायरी खाली.

एक अडचण बऱ्याच जणांना येते. स्वतःच्या घरची कॅसेट लावली आणि रेकॉर्डर म्हणतो, ही कॉपी करायला परवानगी नाही. विकत घेतलेल्या सिनेमाच्या कॅसेटींमध्ये चित्राच्या न दिसणाऱ्या रेषांत मुद्दाम सिग्नलचे जादा ठोके घातलेले असतात, ते बघून रेकॉर्डर थांबतो. आपल्या कॅसेटमध्ये ते नसतात. पण फीत झिजलेली असली की तिचे स्वतःचे ठोके इतके डळमळतात की यंत्राचा गैरसमज होतो. अशा वेळी हेड साफ करून घ्या, ट्रॅकिंग हाताने जुळवा, दुसरा व्हीसीआर लावून बघा. माझ्याकडे निम्म्याहून जास्त वेळा दुसऱ्या व्हीसीआरवर काम झालं आहे.

हार्ड डिस्कवर आल्यावर कापायचं. सुरुवातीचा निळा पडदा, शूटिंगवाल्याने घातलेली फिरती फुलं, हे काढा. फक्त कापताना अर्धा सेकंद सैल सोडा. जलद नक्कल करताना कापलेली जागा तेवढी मागे-पुढे सरकू शकते आणि पहिला शब्द अर्धा ऐकू येतो. डिस्क लिहून झाली की ती फायनलाइज, म्हणजे पूर्ण करून बंद, करायची. हे केलं नाही तर ती फक्त याच यंत्रात चालते. पुण्याला मुलीकडे नेऊन घातली की प्लेअर म्हणतो, डिस्क नाही. आणि हे चालू असताना लाइट गेली तर डिस्क फुकट जाते. रेकॉर्डिंगच्या वेळी गेली तर हार्ड डिस्कवरचं ते रेकॉर्डिंगही जाऊ शकतं. कॉम्प्युटरसाठी असतो तसा छोटा यूपीएस व्हीसीआर आणि रेकॉर्डर दोघांना लावा.

डीव्हीडीही कायमची नाही. तिच्यातला रंगाचा थर उन्हाने, उष्णतेने उडतो. चिकटपट्टीचं लेबल लावू नका, मऊ पेनने मधल्या पारदर्शक भागावर नाव लिहा, उभी ठेवा. आणि त्याच आठवड्यात नातवाला सांगून ती कॉम्प्युटरमध्ये घाला. आत व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर असतं. ते जसंच्या तसं दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक आपल्याकडे, एक दुसऱ्या गावी. सरळ कॉम्प्युटरलाच कॅसेट का जोडू नये, असं माझा भाचा विचारतो. यूएसबीची स्वस्त दांडी मिळते, बरोबर आहे. मी ती वापरून बघितली. तासाभराने आवाज ओठांच्या मागे पडायला लागला. रेकॉर्डरमध्ये मला हा त्रास एकदाही झालेला नाही.

शेवटचं काम यंत्राचं नाही. मुंजीची डीव्हीडी झाल्यावर मी आत्याकडे गेले. तिचं वय तेव्हा ८७. पंगतीचा भाग लावला आणि दर दहा सेकंदांनी थांबवत गेले. ती नावं सांगत होती, मी वहीत वेळ आणि नाव लिहीत होते. वाढायला वाकलेला तो वडिलांचा मामेभाऊ, खांबाला टेकलेल्या त्या ठाण्यातल्याच चरई भागातल्या शेजारीण, पाणी वाढणारा मुलगा पुढे गोव्याला गेला. एकोणीस जणांची नावं मिळाली. ती वही मी डिस्कबरोबरच ठेवली आहे. त्यात एक ओळ अजून मोकळी आहे: ४२ मिनिटं १० सेकंद, डावीकडून तिसरी, निळ्या लुगड्यातली, वडिलांशी हसून बोलते आहे. ही कोण, ते आत्यालाही आठवलं नाही. तुमच्यापैकी कोणी त्या वेळी चरईत राहत असाल, तर ही डिस्क आता लावते, बघून सांगा.